व्होल्ट भागिले अँपिअर केलं, तरी उत्तर का जुळत नाही?

तक्रार साधारण अशी येते. "मोटरला २३० व्होल्ट, क्लॅम्प मीटरवर साडेसहा अँपिअर. भागाकार केला तर पस्तीस ओम आले. मोटर सोडवून मल्टिमीटर लावला तर जेमतेम तीन. वायंडिंग गेलं का?" फेब्रुवारी संपून विहिरी खाली गेल्या की खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी सगळीकडून हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो. कुणाची पाणी तापवायची कॉईल असते, कुणाचा पोल्ट्रीतला बल्ब, वडगावात कुणाच्या यंत्रमागाची मोटर. सूत्र बरोबर असतं, भागाकारही बरोबर असतो. तरीही चांगली मोटर उगाच रिवायंडिंगला (आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायला) जाते, नाहीतर जळायला टेकलेली मोटर "ठीक आहे" म्हणून परत विहिरीवर बसते.

सूत्रं दोनच आहेत आणि ती शाळेतच झालेली असतात. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, ओममध्ये. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे पॉवर, वॅटमध्ये. घोळ सूत्रात नसतो, त्यात टाकलेल्या आकड्यांत असतो. ज्या तुकड्याचा रोध हवा, त्याच तुकड्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट घ्यायचे आणि त्याच क्षणी त्याच तुकड्यातून वाहणारे अँपिअर. मीटरच्या बोर्डावरचे व्होल्ट आणि विहिरीवरचे अँपिअर एकत्र केले तर उत्तर येतं, पण ते मोटरचं नसतं. मोटर, तीनशे मीटर वायर, मधले जोड आणि किटकॅट फ्यूज या सगळ्यांचं मिळून ते उत्तर असतं. नेमप्लेटवरचे व्होल्ट आणि क्लॅम्पवरचे (वायरीभोवती जबडा लावून मोजलेले) अँपिअर यांचा भागाकार तर कशाचाच नसतो. पण सर्वांत जास्त केला जातो तो हाच.

आधी कॉईलवर हात बसवा

मोटरकडे जायच्या आधी आपलं मीटर आणि आपली पद्धत एका साध्या वस्तूवर तपासून घ्यावी. घरातली पाणी तापवायची रॉडची कॉईल त्यासाठी उत्तम, कारण ती खरोखर ओमच्या नियमानं वागते. १५०० वॅट, २३० व्होल्ट लिहिलेली कॉईल घ्या. १५०० भागिले २३० म्हणजे ६.५ अँपिअर. २३० भागिले ६.५ म्हणजे ३५ ओमच्या जरा वर. प्लग काढून, कॉईल गार असताना पिनांवर मल्टिमीटर लावला तर आकडा याच्या आसपास आला पाहिजे. दोन-तीन ओम इकडेतिकडे चालतं. दहाचा फरक पडला तर मीटरची बॅटरी बघा, प्रोबची टोकं घासा आणि मगच कॉईलवर शंका घ्या.

आता नेहमीची चूक. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर आलंय आणि "पाणी तापेना" अशी ओरड आहे. हिशोब करणारा १८० गुणिले ६.५ करतो आणि ११७० वॅट म्हणतो. पण साडेसहा अँपिअर हे २३० व्होल्टचे होते. व्होल्ट बदलले की अँपिअरही बदलतात. बदलत नाही तो कॉईलचा रोध. म्हणून १८० भागिले ३५.३, म्हणजे ५.१ अँपिअर, आणि १८० गुणिले ५.१ म्हणजे ९१८ वॅट. व्होल्टेज बावीस टक्के पडलं, पॉवर जवळजवळ एकोणचाळीस टक्के. वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४५ वर न्यायला २३० व्होल्टवर एकवीस-बावीस मिनिटं लागत असतील, तर १८० वर पस्तीस मिनिटं लागतात, आणि हवेत जाणारी उष्णता धरली तर त्याहूनही जास्त. युनिट मात्र वाचत नाही. बादलीला अर्धा युनिट तेव्हाही आणि आताही. कर्नाटकातल्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेच्या २०० युनिटच्या आत राहण्यासाठी कमी व्होल्टेजचा फायदा होतो असं मानणारे आहेत, म्हणून हे लिहून ठेवलं.

बल्ब: गार वेगळा, पेटलेला वेगळा

पोल्ट्रीत पिलांना ऊब द्यायला तारेचा १०० वॅटचा बल्ब लावतात. २३० व्होल्टवर तो ०.४३ अँपिअर घेतो, म्हणजे रोध ५२९ ओम. काढून मोजला तर चाळिशीच्या आसपास. बल्ब खराब नाही आणि मीटरही खोटं नाही. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रोध दहा-पंधरा पट वाढतो. मल्टिमीटर गार तारेचा रोध सांगतो, भागाकार पेटलेल्या तारेचा. म्हणूनच पन्नास बल्ब एकदम चालू केले की एमसीबी पडतो, आणि दोन स्विचवर वाटून थोड्या थोड्या वेळानं चालू केले की पडत नाही.

एलईडी बल्बवर हा भागाकार करूच नका. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. जो आकडा येईल त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मोटरचे पस्तीस आणि तीन

आता मूळ प्रश्न. एक एचपीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेते. भागाकार पस्तीस. तांब्याच्या वायंडिंगचा रोध तीन. मधले बत्तीस कुठून आले?

जॉर्ज ओमनं आपला नियम १८२७ साली मांडला तो तारांवर प्रयोग करून, आणि तारेला आडवं येणारं दुसरं काही नसतं. मोटर मात्र दोन मार्गांनी करंट अडवते. वायंडिंग लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेलं असल्यानं एसी करंटला ते नुसत्या तारेपेक्षा जास्त विरोध करतं. शिवाय फिरणारा रोटर वायंडिंगमध्ये उलटं व्होल्टेज तयार करतो, ते येणाऱ्या व्होल्टेजला ढकलून धरतं. करंट आटोक्यात राहतो तो मुख्यतः यांच्यामुळे. तीन ओम तांब्याचा त्यात वाटा लहान. म्हणून पस्तीस हा आकडा 'चालत्या मोटरचा एकूण विरोध' आहे आणि तीन हा 'तांब्याचा रोध'. दोन्ही बरोबर आहेत, पण ते एकमेकांशी जुळवायला जाऊ नका.

हे कळलं की रोजच्या दोन तक्रारी आपोआप सुटतात. पहिली, मोटर गुणगुणते आणि फिरत नाही. रोटर थांबला म्हणजे उलटं व्होल्टेज गेलं, आणि करंट एकदम पाच-सहा पट वर जातो. कंडेन्सर मेला असेल, इम्पेलरमध्ये (पंपातल्या फिरत्या चाकात) कचरा असेल, बेअरिंग धरलं असेल; वायंडिंग शाबूत असूनही मोटर काही मिनिटांत भाजते. दुसरी तक्रार, "मोटर फिरूलीया खरं पाणी चढेना, आणि करंटही कमी दाखवूलाय". पंपात पाणीच नसेल, फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या बुडाची झडप) गळत असेल किंवा पाणी बुडाला गेलं असेल तर मोटरवर बोजा नसतो आणि अँपिअर उतरतात. इथे वायंडिंग तपासण्यात वेळ घालवू नका, विहिरीत डोकवा.

पॉवरचंही तसंच. २३० गुणिले साडेसहा म्हणजे १४९५. याला वॅट म्हणता येत नाही, हे व्होल्ट-अँपिअर झाले. करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून पॉवर फॅक्टरनं गुणावं लागतं. ०.७५ धरला तर ११२० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट हे मोटर शाफ्टवर देते. बाकीचे पावणेचारशे उष्णता आणि घर्षणात जातात. घरच्या मीटरवर युनिट मोजली जातात ती या ११२० वर. शेतीच्या पंपाला कर्नाटकात १० एचपीपर्यंत बिलच येत नाही, त्यामुळे इकडे वॅटचा हिशोब सहसा कोणी करत नाही, आणि वायरीत किती जातंय हेही मग कोणाच्या लक्षात येत नाही.

वायंडिंगचा रोध मोजण्याचा खरा उपयोग मोटर किती तापली ते काढायला होतो. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो. सकाळी मोटर गार, हवा ३० अंश, आणि रोध ३.० ओम. दोन तास चालवून बंद केल्या केल्या मोजला तर ३.९. गार तापमानात २३४.५ मिळवा, म्हणजे २६४.५, त्याला ३.९ भागिले ३.० नं गुणा, ३४३.९ आले, २३४.५ वजा करा, १०९ अंश. आतल्या तांब्याचं हे सरासरी तापमान, वरून हात लावून कधीच कळणार नाही असं. कोरड्या मोनोब्लॉकला (पाण्याबाहेर बसणाऱ्या पंपाच्या मोटरला) हे काठावरचं आहे. पाण्यात बसणाऱ्या मोटरच्या वायंडिंग वायरीचं प्लॅस्टिक याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. एक काळजी घ्या: प्रोबच्या वायरींचाच रोध पाव-अर्धा ओम असतो, तो आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघून दोन्ही वेळा वजा करा, नाहीतर तापमान भलतंच येईल.

वायर आणि जोड: खरा चोर इथे असतो

नंदगडच्या बाजूच्या एका विहिरीवरची मोटर एकाच हंगामात दोनदा भरून (रिवायंडिंग करून) झाली होती. घरापासून विहीर तीनशे मीटर, अडीच स्क्वेअरची (स्क्वेअर मिलिमीटर) तांब्याची वायर. घरमालकांचं म्हणणं, "करंट चांगला येतोय, बोर्डावर दोनशे एकवीस दाखवतोय." दाखवणारच. मोटर बंद असताना वायरीतून करंटच वाहत नाही, मग व्होल्ट पडणार कसे? शंभर ओमचा सडका जोड मध्ये असला तरी बिनबोज्याचं व्होल्टमीटर २२१ च दाखवेल.

म्हणून मोटर चालवून दोन्ही टोकांना एकाच वेळी मोजायचं ठरलं. घरी पुतण्या, विहिरीवर काका, मध्ये फोन. त्या भागात रेंज मिळायला बांधावर चढावं लागतं ते वेगळं. मोटर सुरू झाली.

"वाच रे, किती?"

"दोनशे चौदा, काका."

"इथं एकशे एकाहत्तर. आणि आठ अँपिअर."

तीन आकड्यांत सगळं आलं. मधे ४३ व्होल्ट गायब. आता वायरीचा हिशोब कागदावर करता येतो. तांब्याची एक स्क्वेअर मिलिमीटर जाडीची तार दर मीटरला ०.०१७२ ओम घेते. जायला तीनशे आणि यायला तीनशे, सहाशे मीटर. येणारी वायर मोजायची विसरणारे निम्मे असतात. ०.०१७२ गुणिले ६०० भागिले २.५ म्हणजे ४.१ ओम. आठ अँपिअरला ३३ व्होल्ट. ही वायरीची चूक नाही, तिची लांबी आणि जाडीच तशी आहे. पण उरलेले निदान दहा व्होल्ट कुठेतरी वेगळेच जात होते.

ते शोधायला ओममध्ये मल्टिमीटर लावून उपयोग नाही. जोडाचा रोध अर्धा-पाऊण ओम. मीटर त्यातून काही मिलीअँपिअर सोडतं, आणि तेवढ्याला गंजलेला जोडही वाट देतो. बोजा पडल्यावर तो कसा वागतो हे बोजा पडल्यावरच कळतं. मग सप्लाय बंद करून प्रत्येक जोडाची टेप सोडवली, जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे, त्याच एका तारेवर, मीटरचे दोन क्लिप लावले, लोक बाजूला केले आणि मोटर चालू केली. चांगल्या जोडावर शून्य पॉइंट शून्य काहीतरी दिसतं. आंब्याखालच्या जोडावर ६ व्होल्ट, ओढ्याजवळच्या जोडावर ४, आणि पंपघरातल्या किटकॅटच्या दोन टोकांमध्ये ५.

आता भागाकार कामाचा झाला, कारण व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही त्याच तुकड्याचे आहेत. ६ भागिले ८ म्हणजे पाऊण ओम. आणि ६ गुणिले ८ म्हणजे ४८ वॅट. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं. तशी दोन टेपमध्ये गुंडाळून झाडाला बांधून ठेवली होती म्हणायची. टेप आतून काळी, खरपुडी झाली होती आणि पिळलेल्या तारांवर हिरवट गंज. किटकॅटमध्ये चाळीस वॅट. चिनीमातीवर तपकिरी डाग आणि पितळी पात्याची स्प्रिंग मेलेली. पात्यात फ्यूज वायरच्या जागी कुणीतरी वायरीतल्या तांब्याच्या चार तारा घातल्या होत्या. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून जो पाऊस येतो त्यात नुसत्या टेपचा उघडा जोड किती टिकणार!

बारीक नजरेचे विचारतील, वजाबाकीत निदान दहा म्हटलं, सापडले पंधरा, ते कसे? मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे असल्यानं वायरीतले व्होल्ट आणि मोटरचे व्होल्ट सरळ बेरजेत बसत नाहीत. दोन टोकांच्या व्होल्टची वजाबाकी त्यामुळे प्रत्यक्ष घटीपेक्षा थोडी कमीच भरते. चोर आहे की नाही हे वजाबाकी सांगते. किती चोरतो हे जोडावरच मोजावं लागतं.

जोड कापून तांब्याच्या फेरूलमध्ये दाबले, वरून पाणी न शिरणाऱ्या नळ्या चढवल्या, किटकॅट काढून एमसीबी बसवला. विहिरीवर १९० च्या घरात व्होल्ट आले आणि करंट सव्वासातवर उतरला. हे उलटं वाटतं, व्होल्ट वाढले तर करंट कमी कसा? कॉईलच्या हिशोबानं वाढायला हवा होता. पण मोटरला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं. व्होल्ट कमी मिळाले तर ती जास्त करंट ओढून काम भागवते आणि तो जास्तीचा करंट वायंडिंग भाजतो. दोनदा भरलेली मोटर जळत होती ती यामुळे. मोटर भरणाऱ्याचा त्यात दोष नव्हता.

अजून बरं हवं असेल तर सहा स्क्वेअरची वायर. रोध १.७ ओमवर येतो आणि विहिरीवर दोनशेच्या वर व्होल्ट मिळतात. पैसे वाचवायला अॅल्युमिनियम घेणारे विचारतात, चार स्क्वेअर चालेल का? अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. चार स्क्वेअर अॅल्युमिनियम म्हणजे अडीच स्क्वेअर तांब्याएवढीच. जाडी वाढल्यासारखी दिसते, व्होल्ट वाढत नाहीत. वर अॅल्युमिनियम-तांब्याचा सरळ पिळलेला जोड सर्वांत आधी सडतो.

आणखी एक गोष्ट, धोक्याची. न्यूट्रलची वायर तुटली म्हणून विहिरीजवळ अर्थिंगचा रॉड ठोकून त्यावर मोटर चालवणारे आहेत. पावसाळ्यात चालते, एप्रिलमध्ये चालेनाशी होते, कारण जमीन वाळली की रॉडभोवतीचा रोध वाढतो. पाच ओम धरा. साडेसहा अँपिअरला रॉडभोवतीच्या जमिनीवर बत्तीस व्होल्ट पसरतात. शेजारी बैल बांधलेला असतो. हे लगेच काढा.

मीटरवर मूळ सप्लायच कमी असेल तर आपण वायर बदलून काही होत नाही. २३० च्या वरखाली सहा टक्के, म्हणजे २१६ ते २४४, ही मर्यादा धरून चाला. मोटर चालू असताना मीटरपाशी १८० दिसत असतील तर तक्रार लाईनमनकडे, आणि ती आकडा, तारीख, वेळ लिहून. बऱ्याचदा टीसीवरच (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच) बोजा जास्त झालेला असतो. चंदगड-कागलकडचे लोक त्याला डीपी म्हणतात, त्रास तोच.

थ्री फेजचा गोंधळ

निपाणी-चिकोडीकडे उसाच्या पंपाला पाच एचपी थ्री फेज मोटर असते. नेमप्लेट ४१५ व्होल्ट, साडेसात अँपिअर. पोरं ४१५ गुणिले ७.५ करतात, ३११२ वॅट येतात. पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. घेते कमी आणि देते जास्त! मग कुणीतरी तीन फेज म्हणून तीननं गुणतो, ते ९३०० च्या वर जातात. दोन्ही चूक. ४१५ हे दोन फेजमधले व्होल्ट आहेत, तर करंट एका वायरीतला. जोडी जुळवायला १.७३२ नं गुणायचं, वर पॉवर फॅक्टर ०.८. म्हणजे ४३१३ वॅट आत, ३७३० बाहेर. आता हिशोब पटण्यासारखा.

हे सूत्र तिन्ही वायरीत करंट सारखा असेल तरच लागू. सिंगल फेजच्या वेळेत कंडेन्सर टाकून थ्री फेज मोटर चालवतात, तेव्हा तिन्ही करंट वेगवेगळे असतात आणि सरासरी घेऊन काहीच कळत नाही. तिथे सर्वांत मोठा आकडा बघा. तो नेमप्लेटच्या वर असेल तर तेवढं एक वायंडिंग भाजतंय.

वायंडिंग तपासताना सप्लाय बंद करून वायरी स्टार्टरमधून सोडवायच्या आणि तीन जोड्या मोजायच्या. आकडा किती आला यापेक्षा तिन्ही सारखे आले का हे महत्त्वाचं. स्टार जोडणीत (तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) ४.१, ३.५, ३.५ असे आले तर दोन्ही कमी आकड्यांत जे टर्मिनल सामाईक आहे त्याच्या वायंडिंगमध्ये आटे शॉर्ट झालेत. एका वायंडिंगचा रोध हवा तर स्टारमध्ये आलेला आकडा निम्मा करा, डेल्टामध्ये (तिन्ही त्रिकोणात जोडलेली) दीडपट.

मीटरच्या खोड्या

क्लॅम्पमध्ये फक्त एकच वायर पकडायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तर शून्य दिसतं आणि "मोटर करंटच घेईना" अशी तक्रार येते. करंट फार कमी असेल तर तीच वायर जबड्यातून दहा वेढे घालून मोजा आणि दहानं भागा. वायर जबड्याच्या मधोमध ठेवा. स्वस्त क्लॅम्प मीटर इन्व्हर्टरवर किंवा एलईडीच्या बोज्यावर चुकीचं दाखवतं. तिथे ट्रू आरएमएस लिहिलेलं मीटर लागतं.

मल्टिमीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिला आणि तसाच सॉकेटमध्ये घातला, हा प्रकार प्रत्येक वर्कशॉपमध्ये कधी ना कधी होतो. अँपिअरच्या भोकातला रोध ०.०५ ओम धरला तर २३० भागिले ०.०५ म्हणजे कागदावर ४६०० अँपिअर. प्रत्यक्षात तेवढे येण्याआधीच ठिणगी, वितळलेला प्रोब आणि कधीकधी भाजलेला हात. करंट मोजून झाला की लाल प्रोब व्होल्टच्या भोकात परत घालायचा आणि मगच मीटर ठेवायचं.

मिली आणि किलो हे तिसरं. १२ व्होल्ट आणि २० मिलीअँपिअर घेऊन ०.६ ओम काढणारे भेटतात. २० मिली म्हणजे ०.०२, उत्तर ६००.

स्टार्टर पडतोय, सेटिंग वाढवू का?

शेवटी बहुतेक जण हे विचारतातच. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) नेमप्लेटच्या अँपिअरवर ठेवलेला असेल आणि तरी पडत असेल, तर सेटिंगला हात लावण्याआधी मोटर चालू ठेवून चार आकडे घ्या: मीटरपाशी व्होल्ट, मोटरपाशी व्होल्ट, प्रत्येक वायरीतले अँपिअर, आणि प्रत्येक जोडावरचे व्होल्ट. मोटरपाशी व्होल्ट कमी आणि अँपिअर जास्त असतील तर वायर आणि जोड. व्होल्ट ठीक आणि अँपिअर जास्त असतील तर पंप, बेअरिंग, अडकलेला कचरा. एका फेजचे अँपिअर शून्य आणि बाकी दोन चढलेले असतील तर फ्यूज गेलाय किंवा स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचं एक पातं जळालंय. तिन्ही अँपिअर नेमप्लेटच्या आत, व्होल्टही ठीक आणि तरी रिले पडतोय, तर रिलेच बदला. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत असेल तर आधी पेटी सावलीत हलवून बघा. रिलेची पट्टी उष्णतेवरच वाकते, ती मोटरच्या करंटची की उन्हाची हे तिला कळत नाही.